सातपुते उठला होता

“थांब गं, पान उलटू नकोस. आधी त्याच्या आईला पोटभर रडू दे,” चारू म्हणाली.

मी पानावरचा हात काढला. सराव नुकताच संपला होता. आम्ही आठ जणी करंजाच्या झाडाखाली घामाघूम होऊन बसलो होतो आणि मधोमध ते पुस्तक उघडं पडलं होतं. चित्रात दवाखान्याच्या खाटेवर एक पोरगा, गुडघ्याला हे एवढं प्लास्टर, शेजारी तोंडाला रुमाल लावलेली त्याची आई. चारूने गळा काढला. “अरे माझ्या राजा, किती वेळा सांगितलं, त्या चेंडूच्या नादी लागू नको म्हणून! आता तुझं पोलिसभरतीचं कसं रे व्हायचं!” पोरी हसता हसता एकमेकींच्या अंगावर पडल्या.

जपानीतलं आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं. त्यामुळे पुस्तकातले सगळे संवाद चारूचे असायचे आणि रोज नवे असायचे.

गोष्ट चोवीस वर्षांपूर्वीची, नाशिकची. चारुशीला शेवाळे आणि मी, ज्योत्स्ना बोरस्ते, बारावीत होतो. मी शाळेच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमची कप्तान आणि चारू त्या टीमचा जीव. हे मी आज म्हणते. तेव्हा मला वाटायचं, दोन्ही मीच.

पुस्तक चारूच्या बाबांनी आणलेलं. शेवाळेकाका सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. तिथे जपानहून नवं यंत्र आलं. सुटे भाग हलू नयेत म्हणून त्याच्या पेट्यांमध्ये रद्दी कोंबलेली होती, तिच्यात काकांना हे सापडलं. टेलिफोन डिरेक्टरीएवढं जाड, खरखरीत कागदाचं, दोन्ही बाजूंची कव्हरं फाटलेलं. आत दहा-बारा चित्रकथा होत्या. कुठे भुतं, कुठे स्वयंपाक करणारा पोरगा. आमच्या कामाची एकच, शाळेतल्या बास्केटबॉल टीमची. तिच्या हिरोच्या बनियनवर सात आकडा होता, म्हणून चारूने त्याचं नाव ठेवलं सातपुते. चष्मेवाला कप्तान म्हणे मी. मला चष्मा नव्हता, पण मी सगळ्यांकडे नाक वर करून बघते, असं तिचं म्हणणं होतं.

कथा तशी चमत्कारिकच होती. सुरुवातीलाच सातपुते कुबड्या घेऊन एका मोठ्या हॉलच्या दाराबाहेर उभा. मग खाटेवर. मग दोस्तांनी त्याला स्ट्रेचरवर घातलेलं, आणि स्ट्रेचर थेट कोर्टाच्या मधोमध. मग जमिनीवर गुडघा धरून तळमळणारा सातपुते, मग हवेत उडालेला सातपुते. चेंडू आधी जाळीतून खाली यायचा आणि नंतर त्याच्या हातातून सुटायचा. शेवटच्या पानावर तो पहाटेचा एका नदीच्या पुलावरून चेंडू घेऊन धावत होता, दोन्ही पाय ठणठणीत, तोंडभर हसू.

“पण चेंडू आधी कसा काय पडतो?” एकीने विचारलं.

“जपान पुढे गेलेला देश आहे,” चारू म्हणाली. “तिथे निकाल आधी लागतो, परीक्षा नंतर.”

शेवटी आम्ही पुस्तक खैरनार सरांना दाखवलं. सर मूळचे कबड्डीचे. बास्केटबॉल त्यांच्या गळ्यात पडला होता, पण पडल्यावर त्यांनी तो मनापासून घालून घेतला. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाले, “फ्लॅशबॅक असतो तो. सिनेमात बघत नाही का? ते सोडा. हे बघा, हा पोरगा दवाखान्यातून उठून खेळायला गेला आणि खेळून बरा झाला. नाहीतर तुम्ही! नख मोडलं तरी घरी पळता.”

झालं. सरांनी शिक्का मारला म्हटल्यावर कोण शंका घेणार? त्या दिवसापासून टीममध्ये कोणी धडपडलं, कोणाचं कोपर फुटलं की बाकीच्या ओरडायच्या, “सातपुते उठला होता!” आणि पडलेली उठायची. आमचं कोर्ट सिमेंटचं होतं, पडण्याला तोटा नव्हता.

माझ्या घरी त्या वर्षी निराळाच सामना चालला होता. पिंपळगावचं एक स्थळ आलं होतं, द्राक्षाच्या बागा, जीप, सासूबाई जिल्हा परिषदेत. आमच्या आप्पांना बाग फार आवडली. मला पुण्याला जाऊन खेळाचं शिक्षण घ्यायचं होतं. तिथल्या कॉलेजात राज्य पातळीवर खेळलेल्या मुलींसाठी जागा राखीव होत्या. बारावीच्या मार्कांवर मला कोणी उभं केलं नसतं. दिवाळीत आप्पांनी एकदाच काय ते सांगितलं, “विभाग जिंकून राज्यावर गेलीस तर पुण्याला घालतो. नाही गेलीस तर वैशाखात अक्षता.” आप्पा शब्दाचे पक्के, आणि मला भीती त्याचीच होती.

चारूला हे सगळं माहीत होतं. “तुला त्या द्राक्षाच्या मांडवाखाली मी जाऊ देत नाही,” ती म्हणायची. “पुण्याला जा, मास्तरीण हो, मग मी येते तुझ्या खोलीवर फुकट राहायला.”

विभागाच्या उपांत्य सामन्यात, अगदी शेवटच्या मिनिटात, चारूचा उजवा गुडघा मुरगळला. आम्ही जिंकलो, पण ती लंगडत बाहेर आली. अंतिम सामना पुढच्या रविवारी, जळगावच्या टीमशी. डॉक्टरांनी पाय इकडेतिकडे वळवून पाहिला आणि सांगितलं, आतला बंध अर्धा फाटलाय. तीन आठवडे उड्या बंद. याच पायावर पुन्हा पडलीस तर राहिलेला अर्धाही जाईल, मग खेळ विसर आणि जिनेही जपून चढ.

“डॉक्टर असंच म्हणतात,” चारू म्हणाली. “सातपुतेला काय त्याच्या डॉक्टरने पेढे दिले असतील?”

खैरनार सर मात्र घाबरले. पालकांनी सही करून संमतिपत्र दिलं तरच तुला बाकावर बसवीन, म्हणाले, आणि खेळवायचं की नाही ते तुझी कप्तान ठरवेल. चारूने तो छापील कागद दप्तरात घातला आणि मला डोळा मारला.

शुक्रवारी दुपारी मी तिच्या घरी गेले. चारू आईबरोबर गंगापूरच्या हाडवैद्याकडे लेप लावायला गेली होती. काका पहिल्या पाळीवरून येऊन जेवत होते. मला बघून त्यांना कोण आनंद झाला.

“ये ये, ज्योत्स्ना. बरी आलीस. तुला एक गंमत सांगायचीय, सकाळपासून पोटात मावत नाहीये.” त्यांनी हात धुतला, पिशवीतून आमचं पुस्तक काढलं. “आज हे घेऊन गेलो होतो कंपनीत. म्हटलं, आमच्या त्या जपानी साहेबाला, ओकुदा साहेबाला, विचारू तरी, तुमच्या सातपुतेचं खरं नाव काय. तर त्याने पुस्तक हातात घेतलं आणि सरळ पालथं केलं!”

“पालथं?”

“मागून उघडलं! आणि असं उजवीकडून डावीकडे बोट नेत वाचायला लागला. मी म्हटलं, साहेब, राँग साइड. तो हसायलाच लागला. म्हणे, शेवाळेसान, जपानमध्ये पुस्तक इथूनच सुरू होतं. तुम्ही पोरी सगळं उलटं वाचत बसलात की गं!” काका मांडीवर हात मारून हसले.

मला लगेच उमगलं नाही. मी पुस्तक घेतलं, पालथं केलं, मागून उघडलं. पुलावरून धावणारा सातपुते. मग गुडघ्याला पट्टा बांधून सामना. चेंडू हातातून सुटला आणि जाळीत पडला. मग जमीन, गुडघा, स्ट्रेचर, खाट, आई. सगळ्यात शेवटी दाराबाहेर उभा असलेला, कुबड्या काखेत घेतलेला पोरगा. आत कोणीतरी खेळत असावं. तो नुसता कान देऊन उभा होता.

“मग हा बरा होत नाही?” मी विचारलं.

“नाही ना! मी पण तेच विचारलं. साहेब म्हणाला, धिस बॉय, नो मोअर बास्केटबॉल. दुखऱ्या पायाने खेळला आणि कायमचा बसला. पोरांना धडा म्हणून काढलीय म्हणे ती गोष्ट.” काकांचं हसू जरा ओसरलं. “आता बघ, आमची येडी तर रोज म्हणते, सातपुते उठला, मी पण उठणार. आली की सांगतोच तिला.”

त्या क्षणी मी काय विचार केला ते मला अजून शब्दनशब्द आठवतं. विचार केलाच नाही, तोंडातून निघून गेलं, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. मला पिंपळगावची बाग दिसली. चारूशिवाय जळगावला हरवणं म्हणजे वाळू रगडून तेल काढण्यापैकी होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

“काका, तुम्ही नका सांगू,” मी म्हणाले. “तिचा जीव आहे त्या पुस्तकावर. तुम्ही असं हसत सांगितलंत तर रडेल. मी सांगते नीट समजावून.”

“हां, तूच सांग. माझं ती कुठे ऐकते? तुझं ऐकते.” त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. “आणि हे सहीचं काय करू? तीन दिवस मागे लागलीय. डॉक्टर तर नको म्हणतोय.”

“करून ठेवा. नुसतं बाकावर बसायलाही सही लागते. मी बोलते ना तिच्याशी. खेळायचं नाही असंच ठरेल.”

काकांनी खिशाचं पेन काढलं. ‘शां. रा. शेवाळे’ असं एकेक अक्षर सुटं लिहून सही केली, शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर मारली आणि कागद माझ्याच हातात दिला. “कप्तान आहेस, तुझ्याकडेच राहू दे,” म्हणाले. पुस्तकही मी बरोबर घेतलं. काका दारापर्यंत सोडायला आले.

शनिवारी मी पुन्हा गेले, आणि सांगायचं ठरवूनच गेले. चारू पाय उशीवर ठेवून बसली होती, गुडघ्यावर तो काळा लेप. मी तीनदा तोंड उघडलं. चौथ्यांदा तीच म्हणाली, “आप्पा काय म्हणतायत?”

“मंगळवारी पिंपळगावची माणसं येतायत.”

“येऊ देत की. चिवडा खाऊ घाल आणि सांग, मुलगी पुण्याला गेली.” तिने पाय वाकवून दाखवला. तोंड वाकडं झालं ते मी पाहिलं. “बघ, वाकतो. उद्या पहिला हाफ बसवून ठेव मला. अगदीच नड लागली तर काढ. हुकमाचा एक्का पहिल्या डावात टाकायचा नसतो.”

मी उठले. निघताना तिने विचारलं, “पुस्तक कुठाय गं?” मी म्हटलं, माझ्याकडे आहे, उद्या आणते. आणलं नाही.

रविवारी शेवाळेकाका आले नाहीत. नवं यंत्र सुरू करायचं होतं, ओव्हरटाइम होता. आप्पा आले. पहिल्या रांगेत, इस्त्रीची टोपी, मांडीवर हात. खैरनार सरांनी संमतिपत्र वाचलं, खिशात घातलं आणि चारूला बाकावर बसवलं.

पहिला हाफ आम्ही कसाबसा लढलो. जळगावच्या पोरी उंच होत्या आणि दमतच नव्हत्या. दुसऱ्या हाफमध्ये त्यांनी आम्हाला धू धू धुतलं. मी बास्केटखालून दोन सोपे चेंडू घालवले. सहा मिनिटं उरली तेव्हा आम्ही सात पॉइंटनी मागे होतो आणि सरांनी टाइम-आउट घेतला.

“काय करायचं, बोरस्ते?” ते म्हणाले. सरांची नजर चारूकडे नव्हती, माझ्याकडे होती. “तू म्हणशील तसं.”

चारू बाकाच्या टोकाला बसून गुडघ्याचा पट्टा सोडून पुन्हा बांधत होती. मी तिच्यासमोर उकिडवी बसले. पट्ट्याचं टोक तिच्या हातातून घेतलं. गुडघा सुजून गरम झाला होता, पट्ट्यावरूनही हाताला लागत होतं. तिने विचारलं, “जमेल का गं मला?”

एवढं सरळ विचारलं तिने. मी फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं. त्यामागे पुस्तक, जपानी साहेब, काही सांगायची गरज नव्हती.

मी पट्टा घट्ट आवळला आणि म्हणाले, “सातपुते उठला होता, चारू.”

ती हसली. “कुबड्या फेकून,” म्हणाली आणि उठली.

पुढची सहा मिनिटं जिने पाहिली ती अजून त्यांची आठवण काढते. गेल्या वर्षी एका लग्नात जळगावच्या टीममधली बाई भेटली, तीही म्हणाली, ती तुमची लंगडी कोण होती हो? चारू धावत नव्हतीच, धावता येतच नव्हतं तिला. ती एका जागी उभी राहायची आणि चेंडू तिच्याकडे यायचा. तीन बास्केट, दोन फ्री थ्रो. त्यांचीही एक बास्केट झाली. एक पॉइंट मागे, आठ सेकंद. मी डावीकडून पास दिला. जळगावची पोर समोर आली, तेव्हा चारूला उडी मारण्यावाचून इलाज नव्हता. तिने उडी मारली, उजव्या पायावर. चेंडू बोर्डाला लागून आत गेला आणि ती त्याच पायावर खाली आली.

आवाज मी ऐकला. ओली फांदी मोडावी तसा, फार मोठा नाही. नंतर शिट्टी वाजली, मैदानात माणसं घुसली आणि मला कोणीतरी खांद्यावर उचललं. कप्तान ना मी. खांद्यावरून मला सगळं नीट दिसत होतं. आप्पा टोपी हलवत होते. सर दोन्ही हात वर करून नाचत होते. आणि बास्केटखाली चारू गुडघा धरून पडली होती, तिच्याकडे अजून कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. मी ‘खाली उतरवा’ म्हणाले. एकदाच म्हणाले. मोठ्याने नाही.

संध्याकाळी सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात शेवाळेकाका भेटले. कारखान्याच्या कपड्यांतच आले होते, हाताला ग्रीस तसंच. मला बाजूला घेऊन त्यांनी हळू आवाजात विचारलं, “ज्योत्स्ना, तू सांगितलं होतंस ना तिला? त्या पुस्तकाचं?”

मी त्यांच्या हातांकडे बघत म्हणाले, “सांगितलं होतं काका. ती ऐकलीच नाही.”

“हं,” ते म्हणाले. “तिचंच नशीब मग.” आणि मला म्हणाले, “तू जा घरी, थकली असशील.”

मंगळवारी पिंपळगावच्या लोकांना आप्पांनी कळवून टाकलं, मुलगी राज्यावर खेळणार आहे. राज्यस्पर्धेत आम्ही पहिल्याच सामन्यात सपाटून हरलो, पण प्रमाणपत्राला हरल्या-जिंकल्याचं काय? मला पुण्यात जागा मिळाली. चारूच्या गुडघ्याची दोन ऑपरेशनं झाली. सुरुवातीला मी पत्रं लिहिली. पुण्याला फुकट राहायला कधी येतेस, असंही एकदा लिहिलं होतं, इतकी मी निलाजरी. मग पत्रं कमी झाली, मग बंद. शिकून मी नाशिकलाच एका शाळेत लागले, गंगापूर रोडला. सातपूर तिथून बसने वीस मिनिटांवर. इतक्या वर्षांत त्या वीस मिनिटांच्या वाटेला मी एकदाही गेले नाही. ते पुस्तक पहिल्याच उन्हाळ्यात मी रद्दीत घातलं.

गेल्या जूनमध्ये माझ्या टीममधली एक पोरगी मैदानाच्या कडेला मोबाइल घेऊन बसली होती. बघते तर जपानी चित्रकथा, बास्केटबॉलचीच, इंग्रजीतली. मी नुसतं डोकावले तर ती म्हणाली, “मॅडम, हे उजवीकडून वाचायचं असतं हं. नाहीतर सगळ्या स्टोरीची वाट लागते.”

“माहीत आहे,” मी म्हणाले.

त्या रविवारी मी सातपूरला गेले. आता सांगून टाकायचं, असं ठरवलं होतं. चोवीस वर्षं एकच दगड पोटात घेऊन फिरले, आता तो चारूच्या पायाशी ठेवते, मग तिने मारलं तरी चालेल. खरं बोलल्यावर बरं वाटतं, असं पोरींना मीच शिकवते.

तेच घर, बाहेरच्या खोलीत आता शिवणकामाचं दुकान. चारू उंच स्टुलावर बसून ब्लाउज शिवत होती. उजवा पाय काठीसारखा पुढे. मशीनला मोटर होती, कारण पायाने मशीन चालवणं तिला जमण्यासारखं नव्हतं. मला बघून ती एवढ्या मोठ्याने ओरडली की समोरची गिऱ्हाईक बाई दचकली.

“कप्तान! अगं बाई, कप्तान आली!” तिने त्या बाईंना सांगितलं, “ही ज्योत्स्ना बोरस्ते. राज्यावर खेळलीय. आम्ही एका टीममध्ये होतो.” असं सांगताना ती स्टुलावर ताठ बसली होती. बाई गेल्यावर तिने मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला, चहा टाकायला मुलीला हाक मारली. सगळं विचारलं. मी कधी आले नाही त्याबद्दल एक अक्षर नाही.

मी म्हणाले, “चारू, एक सांगायचं राहिलंय. त्या पुस्तकाचं.”

“सातपुतेचं?” ती हसली.

“आपण ते उलटं वाचत होतो. सातपुते उठलाच नाही. तो खेळला आणि कायमचा बसला. मला ते सामन्याच्या आधी कळलं होतं. शुक्रवारी. मी तुला मुद्दाम सांगितलं नाही, मला पुण्याला जायचं होतं म्हणून. आणि टाइम-आउटला तू विचारलंस तेव्हाही...” रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही.

तिने कापड सुईखालून काढलं. घडी घातली. ती त्या घडीवरून हात फिरवत राहिली.

“तुला कोणी सांगितलं?” तिने विचारलं.

“काकांनी. ते जपानी साहेबाला विचारून आले होते.”

“बाबांनी.”

“हो. ते तुला सांगणार होते. मीच म्हटलं, मी सांगते. सहीसुद्धा मीच करायला लावली.”

“म्हणजे बाबांनी तुला खरंच सांगितलं होतं.”

मी मान हलवली. मला वाटलं होतं, ती चिडेल, काही फेकून मारेल. ती माझ्याकडे बघतही नव्हती.

“शनिवारी बाबांनी मला विचारलं होतं, ज्योत्स्ना बोलली का तुझ्याशी? मी म्हटलं, रोजच बोलते,” ती सावकाश म्हणाली. “नंतर दवाखान्यात म्हणाले, त्या पोरीने सांगूनही तू ऐकलं नाहीस. मी म्हटलं, मला कोणी काही सांगितलेलं नाही. तर म्हणाले, मी ज्योत्स्नाला सांगितलं होतं, तिने तुला सांगितलं. दर वेळी हेच. आमची भांडणं व्हायची त्यावरून, आई मध्ये पडायची. मला वाटायचं, त्या कागदावर सही केली ते त्यांच्या मनाला खातं, म्हणून दुसऱ्याच्या पोरीवर ढकलतात. मी म्हणायचे, ज्योत्स्नाला माहीत असतं तर तिने मला उठूच दिलं नसतं.”

“चारू, मला एकदा विचारायचंस तरी.”

“लाज वाटायची. बापाने तुझ्यावर आळ घेतला, तो तुला कुठल्या तोंडाने सांगू?”

आतून मुलगी चहा घेऊन आली. चारूने तिला हातानेच परत जायला सांगितलं.

“बाबांना जाऊन सात वर्षं झाली,” ती म्हणाली. “शेवटी दवाखान्यात होते, श्वास पुरत नव्हता बोलायला. तरी माझा हात धरून तेच काढलं, चारू, मी ज्योत्स्नाला सांगितलं होतं गं. मी हात सोडवून घेतला त्यांचा. म्हटलं, बाबा, आता तरी खरं बोला.”